माळ देव्हाऱ्यात आहे

ताई,

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. तीन वेळा उत्तर लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर जे उतरलं ते कीर्तनातलं होतं. फडावर उभं राहून हजार माणसांना सांगायचं आणि एका आईला लिहायचं, यात फरक आहे. म्हणून फाडलं. आज परत बसलो आहे.

तुमच्यासारख्या आणखी आया हे वाचतील, तेव्हा तुम्ही काय विचारलं आहे ते आधी थोडक्यात सांगतो. गाव आणि नावं गाळली आहेत.

खानापूर तालुक्यातलं भाताचं गाव. १९ वर्षांचा मुलगा बेळगावात डिप्लोमा शिकत होता. मे महिन्याच्या शेवटी धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या भाताच्या पेरणीला घरी आला. दुपारी बियाणं कमी पडलं म्हणून मोटारसायकलवरून आणायला निघाला आणि परत आला नाही. याला नऊ महिने झाले. घराणं माळकरी, सासऱ्यांपासून पंढरीची वारी. तेरावा झाल्यावर ताईंनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि त्या दिवसापासून हरिपाठ म्हटलेला नाही. जाऊबाई म्हणतात, मागल्या जन्मीचं पाप असणार. कुणी पाहुणे म्हणून गेले, चांगली माणसं देवाला लवकर आवडतात. ताई विचारतात: माझ्या हातून काय पाप घडलं? देवावर राग धरला हा अपराध झाला का? तो दयाळू आहे म्हणता, तर ती दया मला कुठे दिसेल? आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: त्याचं दप्तर अजून खुंटीला आहे, सगळे म्हणतात मलप्रभा नदीत सोडून द्या, काय करू?

मी ३० वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि ३४ वर्षं कीर्तन करतो आहे. आपल्या भागात दुःखाच्या घरी रक्षाविसर्जनाच्या आदल्या रात्री किंवा बाराव्याला भजनाला बोलावण्याची रीत आहे, त्यामुळे निपाणीपासून कणकुंबीपर्यंत अशा किती घरांच्या उंबऱ्यावर चपला काढल्या, याचा हिशेब माझ्याकडे नाही. आणि १९९६ साली माझी धाकटी मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली. तेव्हा चपला माझ्या उंबऱ्यावर निघाल्या होत्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब देतो, कारण ते तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमच्या हातून पाप घडलं म्हणून मुलगा गेला, असं सांगण्याचा अधिकार या पृथ्वीवर कुणालाही नाही. जाऊबाईंना नाही, भटजींना नाही, मला नाही. लोक कर्माचा हवाला देतात. त्याच कर्माबद्दल गीतेच्या चौथ्या अध्यायात खुद्द श्रीकृष्ण म्हणतो, "गहना कर्मणो गतिः", कर्माची गती गहन आहे. ज्याने गीता सांगितली तो जिथे गहन म्हणून थांबतो, तिथे आपल्या गल्लीतल्या माणसांना वही उघडून कुणाच्या खात्यावर काय मांडलंय ते वाचता येतं, हे मला पटत नाही. जाऊबाई दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक त्या घाबरल्या आहेत. त्यांनाही मुलं असतील. तुमचा मुलगा विनाकारण गेला असेल, तर त्यांचाही जाऊ शकतो, आणि तो विचार सोसत नाही. पाप तुमच्या पदरात टाकलं की त्यांचं घर सुरक्षित राहतं. त्यांच्यावर राग धरू नका हे मी आज सांगणार नाही, पण त्यांचं वाक्य घरात ठेवून घेऊ नका.

"देवाला आवडला" याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे वाक्य मीही पुष्कळ घरांत बोललो आहे आणि त्याची मला खंत आहे.

माझी मुलगी गेली तेव्हा आम्हाला दूध घालणारा एक म्हातारा गवळी होता. शाळा न शिकलेला. रोज संध्याकाळी दुधाची किटली कट्ट्यावर ठेवायचा, पान जमवायचा, खायचा, आणि काही न बोलता अर्धा तास बसून उठून जायचा. दहाएक दिवसांनी तो एकदाच बोलला. तुम्ही गावात राहता, तुम्हाला ठाऊक आहे: म्हशीचं रेडकू मेलं आणि ती पान्हा सोडेना, की लोक त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात आणि म्हशीपुढे उभं करतात. ती हुंगते, चाटते, आणि दूध देते. गवळी म्हणाला, "मास्तर, आता लोक येतील आणि तुमास्नी पेंढ्याचं रेडकू दावतील. चाटू नका." एवढं बोलून किटली उचलून गेला.

त्या आधी काही वर्षं मी तेच दाखवत हिंडलो होतो. एका घरी तर, तो प्रसंग आठवला की अजून मान खाली जाते, मी तुकोबांचं "बरें झालें देवा निघालें दिवाळें" घेऊन बसलो. दुष्काळाने पीडा केली ती बरीच झाली, असं त्यात म्हटलं आहे. समोर एक बाई होती, चार दिवसांपूर्वी पोटचं लेकरू गेलेली. ती काही बोलली नाही. उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. मला वाटलं, दुःखाचा भर आहे. पुढे माझ्याच घरी कडी लागली तेव्हा कळलं की ती माझ्या तोंडावर लावलेली कडी होती.

तुकोबांना ते म्हणण्याचा हक्क होता. १६३० च्या दुष्काळात त्यांच्या घरात काय झालं हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे: "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." थोरली बायको भुकेने गेली. मुलगा गेला. व्यापार बुडाला. लाज वाटते, दुःखाने त्रासलो, हेही त्यांनी लपवलं नाही. एवढं सगळं पार करून, भामगिरी आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून, कितीतरी काळाने त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल, स्वतःच्या तोंडाने "बरें झालें" म्हटलं. दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याच्या मढ्यावर ते वाक्य ठेवण्यासाठी त्यांनी ते लिहिलेलं नाही. तुम्ही कधी ते म्हणाल की नाही, मला माहीत नाही. नाही म्हटलंत तरी तुमच्या भक्तीत उणं येत नाही.

तसंच गीतेचं. "आत्मा अमर आहे, मग रडता कशाला" असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, गीता कुणाला सांगितली? अर्जुनाला. पहिल्या दिवशी, रथात बसवून, साक्षात भगवंताने. आणि तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला तेव्हा अर्जुनाने काय केलं? तो रडला, कोसळला, भावांना जाब विचारत सुटला. गीता प्रत्यक्ष ऐकलेला माणूस तेरा दिवसांत मुलासाठी रडतो, आणि कृष्ण त्याला असं म्हणत नाही की तुला सगळं सांगून झालं होतं. कृष्णाचा तर तो भाचा होता. सुभद्रेला सामोरं जायला त्यालाच जावं लागलं.

आळंदीचंही तसंच आहे. १२९६ साली ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. त्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ, ज्यांनी त्यांना ज्ञान दिलं, ते तिथे उभे होते. मृत्यू म्हणजे काय हे त्या काळी त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? आणि तरी नामदेवराय सांगतात, बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावं, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं, तसं त्यांचं झालं. कीर्तनात हे प्रकरण लागलं की मी घाई करत नाही. शेतकऱ्याच्या घरातलं माणूस आळा सुटलेली पेंढी काय असते ते जाणतं, त्याला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

आता रागाचं. तुम्ही फार घाबरत घाबरत लिहिलं आहे की एका रात्री देव्हाऱ्यापुढे उभं राहून तुम्ही विठोबाला नको नको ते बोललात. ताई, आपल्या परंपरेत याची मोठी सोय आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, जिच्याबरोबर देव दळायला बसायचा असं आपण म्हणतो, तिने अंगणात उभं राहून विठ्ठलाला ज्या शिव्या दिल्या आहेत त्या मी तुम्हाला इथे पूर्ण लिहूही शकत नाही. मढं, रांड, सगळं आहे त्यात. आणि शेवटी आपली सही केली आहे: "उभी राहुनी अंगणीं, शिव्या देत दासी जनी." हे आपल्या लोकांनी पुसून टाकलं नाही. सातशे वर्षं जपलं, टाळावर म्हटलं. देवाला शिव्या देणारी बाई संत म्हणून पुजली जाते, तर तुम्ही देव्हाऱ्यापुढे रडत चार शब्द बोललात त्याची कसली भीती?

यात आणखी एक गोष्ट आहे. मला ती फार उशिरा दिसली. आपण मराठीत म्हणतो, देवाची करुणा भाकली. भाकली म्हणजे काय? आपण हंबरडा फोडला, पदर पसरला, भांडलो. संतांच्या गाथ्यांत "करुणापर अभंग" म्हणून वेगळा भागच असतो, आणि तो वाचायला घेतला की कळतं, त्यात देव किती कनवाळू याची वर्णनं थोडी आणि माझा जीव जातोय, तू कुठे आहेस, असा टाहोच जास्त. एकाच शब्दात देवाचं कळवळणं आणि आपलं रडणं दोन्ही बसवलंय आपल्या भाषेने. तुम्ही विचारता दया कुठे दिसेल. मी एवढंच म्हणेन की त्या रात्री देव्हाऱ्यापुढे तुम्ही जे केलंत त्याला आपल्याकडे करुणा भाकणं म्हणतात. तुम्ही हरिपाठ सोडला असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, नऊ महिन्यांत देवाशी एवढं खरं बोलणारं तुमच्या घरात दुसरं कुणी नसेल.

पण एवढ्याने तुमचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. आपलं रडणं आपल्याजवळ आहेच. त्याचं कळवळणं कुठे आहे?

चोखोबांकडे चला. जातीमुळे देवळात जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरून आळवणी करणारा हा भक्त. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, त्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. देवाने ती भिंत धरली नाही. मी हे मुद्दाम असं लिहितो, कारण आपण कीर्तनकार इथे पटकन पुढे सरकतो. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त आणि भिंत पडायची ती पडलीच. परंपरेने ते झाकून ठेवलं नाही, दुसरी सोयीची गोष्ट रचली नाही. मग काय झालं? नामदेव पंढरपुराहून मंगळवेढ्याला आले. दगडामातीखालची हाडं शोधली. अनेकांची हाडं मिसळलेली, त्यातली चोखोबांची कुठली? सांगतात की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते उचललं. ती हाडं आणून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. आजही आपण आधी तिथे वाकतो, मग आत जातो.

हाडातून नाम ऐकू आलं की नाही यावर लोक वाद घालतात. मला त्यात रस नाही. मला तो माणूस दिसतो, जो मित्राची हाडं ओळखू येईपर्यंत उन्हात बसून एकेक हाड कानाला लावतो. भिंत पडताना देव कुठे होता, ते मला सांगता येत नाही. भिंत पडल्यानंतर तो कुठे होता, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. तो त्या ढिगाऱ्यात, नामदेवांच्या हातांत होता.

तुमच्या पत्रातल्या एका अर्ध्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. तुम्ही लिहिलंय, "उरलेली पेरणी शेजारच्या कानडी मंडळींनी करून टाकली, आम्हाला कळलंही नाही." पुढे लगेच दुसरा विषय. धूळवाफेची पेरणी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. वळीव येऊन गेलेला, पावसाळा दारात, एकेक दिवस मोलाचा. त्या दिवसांत कुणी आपलं रान टाकून दुसऱ्याच्या वाफ्यात उतरत नाही. ते उतरले. तुमच्या घरात दिवस चालू होते तेव्हा तुमचं भात उगवत होतं. हे तुमच्या मुलाच्या बदल्यात मिळालं, असं मी म्हणत नाहीये. तसं कुणी म्हणालं तर त्याला घराबाहेर काढा. मुलाच्या बदल्यात काही मिळत नसतं. पण तुम्ही दया कुठे म्हणून विचारलंत आणि ती तुम्हीच पत्रात लिहून ठेवली आहे, एवढंच दाखवतो.

आपल्या सीमाभागात हे फार दिसतं. मी एका घरी गेलो होतो, अपघातातच गेलेला कर्ता माणूस. पंचनाम्याचे, शवविच्छेदनाचे, विम्याचे कागद सगळे कानडीत, आणि घरात म्हातारी आई आणि मराठी शाळेत शिकलेली सून. गल्लीतल्या एका लिंगायत निवृत्त शिक्षकांनी तीन संध्याकाळी त्या ओसरीवर बसून एकेक कागद वाचला, मराठीत समजावला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. शवविच्छेदनाचा कागद वाचताना मात्र ते थांबले आणि म्हणाले, यातलं सगळं तुम्हाला ऐकायची गरज नाही, मी वाचलंय. त्यांनी ते स्वतः वाचलं आणि त्या बाईला वाचवलं. याहून मोठं काय असतं, मला माहीत नाही. नंतर मी त्यांना नमस्कार केला तर ते बसवण्णांचं वचन म्हणाले: "दयवे धर्मद मूलवय्या." दया हेच धर्माचं मूळ आहे बाबा. तुमच्या तालुक्यात कणकुंबीला जी मलप्रभा उगम पावते, तीच पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि तिथेच बसवण्णांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, आहे. तुमच्या विहिरीचं पाणी आणि ते वचन एका नदीवरचं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम चढल्या तेव्हा चिकोडी-निपाणीकडे शाळांमधून माणसं ठेवली होती. मी तिथे भजनाला म्हणून गेलो आणि चार दिवस थापून आलेल्या भाकऱ्याच मोजत बसलो, कारण टेम्पो भरभरून भाकऱ्या येत होत्या आणि कुठल्या गावच्या, कुणाच्या जातीच्या, कुठल्या भाषेच्या हे कुणी विचारत नव्हतं. भजन झालं ते पाचव्या दिवशी. त्याला म्हणावा तसा रंग चढला नाही. भाकऱ्यांचं काम त्याहून बरं झालं होतं.

ज्ञानोबाराय म्हणतात, "कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु". कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे न कळणाराही. पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांना हे शब्द फोडून सांगावे लागतात. आपल्याला नाही. आपण जन्मभर अशा शेजाराला राहतो की समोरच्याचं निम्मं बोलणं कळत नाही, पण त्याने भांड्यात ताक ओतलं ते कळतं. देवाचं बोलणं मला आजही निम्म्याहून कमी कळतं. माझी सहा वर्षांची मुलगी का नेली, हे वाक्य तर मला अजिबात कळलेलं नाही, ३० वर्षं होत आली. गवळी रोज येऊन कट्ट्यावर बसला, ते कळलं.

तुम्ही पंढरीला गेलेल्या आहात. गाभाऱ्यात काय पाहिलंत? हातात शस्त्र नाही, वर देणारा हात उचललेला नाही. कमरेवर हात, विटेवर दोन्ही पाय, उभा. लहानपणी मला वाटायचं, हा देव काहीच का करत नाही? आता वाटतं, कुणाच्या तरी घरी आभाळ कोसळलं की शहाणी माणसं काय करतात? दारात उभी राहतात. बसत नाहीत, निघूनही जात नाहीत.

आता थोडं रोजच्या व्यवहाराचं लिहितो, कारण त्याच्याशिवाय वरचं सगळं वारं आहे.

हरिपाठ तोंडातून येत नसेल तर म्हणू नका. गावात संध्याकाळी भजनी मंडळ बसत असेल तर मागच्या खांबाला टेकून बसा, टाळ घेऊ नका, तोंड उघडू नका. बाकीचे म्हणतात ते तुमच्याही वाट्याचं म्हणतात. वारकऱ्यांचं नाम हे एकट्याचं कधी नसतंच, एकाचा श्वास संपला की दुसरा ओळ उचलतो. मी मुलगी गेल्यावर सात महिने कीर्तनाला उभा राहिलो नाही. मागे धोतराचा सोगा तोंडाला लावून बसायचो. कुणी मला "या, म्हणा" म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या मंडळींचा आजन्म ऋणी आहे. तुमच्या मंडळातलं कुणी आग्रह करू लागलं तर हे पत्र दाखवा.

तुमच्या मालकांबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की ते पहाटे रानात जातात आणि अंधार पडल्यावर येतात, मुलाचं नाव काढत नाहीत. त्यांना दुःख कमी आहे असं समजू नका. त्या दिवशी बियाणं आणायला कुणी पाठवलं, हा प्रश्न त्यांच्या छातीत असणार, आणि तुमच्याही असेल. तो दोघांच्या मध्ये तसाच पडून राहिला तर घर पोखरतो. मी किती घरं त्याने पोखरलेली पाहिली आहेत. एखाद्या रात्री जेवण झाल्यावर तुम्हीच म्हणा, "तुम्ही पाठवलंत म्हणून नाही गेला तो." उत्तराची वाट बघू नका. ते बाहेर जाऊन बसले तर बसू द्या.

आणि एक गोष्ट मी कीर्तनकार म्हणून नाही, एक वडीलधारा म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलंय की झोप दोन-तीन तासांच्या वर नाही, वजन उतरलं, आणि "आपणही त्याच्याकडे जावं असं कधी कधी वाटतं". ही शेवटची ओळ मला सोडून देता येत नाही. असं वाटणं हे पाप नाही, पण ते एकटीने वाहायचंही नाही. घरात एका माणसाला हे आजच सांगा. सरकारची टेलिमानस म्हणून फुकट सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, मराठी आणि कानडी दोन्ही चालतं. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटतात, आणि धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. खानापुराहून तिथे जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. "माळकऱ्याच्या घरात वेड्यांच्या दवाखान्यात कशाला" असं कुणी म्हणेल. हाड मोडलं तर आपण विठ्ठल विठ्ठल म्हणत प्लास्टरच घालून घेतो ना? मी स्वतः १९९७ साली अशा डॉक्टरांकडे गेलो, चार महिने गोळ्या घेतल्या, झोप आली, आणि झोप आल्यावर नाम आलं. तोपर्यंत आलं नव्हतं. हे मी फडावर उभं राहूनही सांगतो.

पहिलं वर्ष भरेल तेव्हा मे महिना असेल, परत धूळवाफ. ते दिवस जड जाणार. वर्षश्राद्धाला फार पसारा घालू नका. ज्यांनी पेरणी केली त्या घरच्यांना जेवायला बोलवा, मुलाला आवडायचं ते करा. त्यांच्या बायकांना मराठी येत नसेल, तुम्हाला कानडी येत नसेल, तरी चालेल. त्याचा फोटो दाखवा. त्याचं नाव घ्या. मेलेल्या लेकराचं नाव घरात मोठ्याने घेतलं जाणं हे किती गरजेचं असतं, ते सांगून कळत नाही. लोक तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून नाव टाळतात. तुम्हीच काढा.

दप्तराचं विचारलंत. कुठल्याही शास्त्रात दप्तर नदीत सोडायला सांगितलेलं नाही. रक्षा सोडायची असते, ती सोडून झाली. दप्तर राहू द्या. रोज त्याकडे बघवत नसेल तर खुंटीवरून काढून पेटीत ठेवा, आणि पेटीत ठेवल्यावर चुकल्यासारखं वाटलं तर परत खुंटीला लावा. आतली पुस्तकं त्या वर्षाला शिकणाऱ्या कुण्या पोराच्या कामी येतील असं एखाद्या दिवशी मनात आलं, तर द्या. आलं नाही तर देऊ नका. माझ्या मुलीची पाटी माझ्याकडे आहे. फुटलेली आहे एका कोपऱ्याला, ती तिनेच फोडली होती.

आणि माळ. तुम्ही लिहिलंय, "माळ काढली म्हणजे मी देवाला सोडलं असं सगळे म्हणतात." ताई, तुम्ही ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. चुलीत नाही, नदीत नाही, ट्रंकेच्या तळाशी नाही. त्याच्याच पायाशी ठेवली आहे. रुसलेली बाई माहेरी जाते तेव्हा किल्ल्या घरातच ठेवून जाते, तसं मला ते वाटलं. घालायची की नाही हे मी सांगणार नाही आणि कुणाचं ऐकूही नका. दोरा जुना असेल तर तेवढा बदलून ठेवा, नाहीतर मणी पडून हरवतील. कार्तिकीला आमची दिंडी खानापुरावरून जाते. मी येईन. चहा घेऊ.